सहावी ओळ आणि पाणबुडीचा हौद

तुम्ही चार लोकांना वाचायला दिलेलं एखादं वाक्य खोटं आहे, हे ते लिहिताना तुम्हाला माहीत होतं, असं कधी झालंय का? नंतर चूक लक्षात आली, ते नाही विचारत. लिहितानाच माहीत होतं का? उत्तर मला नका देऊ. मी माझं सांगते, कारण माझं वाक्य अजून लोकांच्या फोनमध्ये फिरतंय.

आमच्या घरात वह्यांच्या आधी पत्रकं आली. बाबा इंदूरच्या एका कापड गिरणीत होते आणि युनियनची पत्रकं तेच लिहायचे. गिरणी माझ्या जन्माच्या आधीच बंद पडली, पण उरलेल्या पत्रकांचे गठ्ठे घरी राहिले. एक बाजू छापलेली, दुसरी कोरी. त्या कोऱ्या बाजूवर मी बाराखडी गिरवली, मग पाढे, मग दहावीची गणितं सोडवली. पान उलटलं की मागे कुठल्या तरी गेट मीटिंगचं आवाहन. मला वाटायचं, सगळ्यांच्याच कच्च्या वहीच्या मागे असं काही छापलेलं असतं.

बाबांचा एक नियम होता. आपण पाहिलेलं नाही ते छापायचं नाही. त्यामागे एक गोष्ट होती आणि ती मी इतक्यांदा ऐकली आहे की मला ती माझीच आठवण वाटते. एकदा गिरणीत अपघात झाला. बाबांनी पत्रकात चार माणसं जखमी झाल्याचं लिहिलं. होती तीन. दुसऱ्या दिवशी मालकाच्या माणसाने गेटवर उभं राहून तेवढीच ओळ मोठ्याने वाचली आणि विचारलं, "चौथा कुठे आहे? दाखवा." लोक हसले. त्या हसण्यात ती तीन माणसंही गेली. "मला घाई होती बेटा," बाबा म्हणायचे, "आणि चार हा आकडा बरा वाटला." बाबांची चूक घाईतली होती. माझी तशी नव्हती.

इंजिनिअरिंग झाल्यावर त्याच कॉलेजात मला प्रोजेक्ट असिस्टंटचं काम मिळालं. मागच्या बाजूच्या इमारतीत तळमजल्यावर एक प्रयोगशाळा आहे, तिथे. आत जवळजवळ सगळी जागा एका हौदाने व्यापलेली. वरून पाहिलं तर एखाद्या छोट्या जलतरण तलावासारखा, पण कोणी त्यात हातसुद्धा घालायचा नाही. समुद्र इथून रात्रभराच्या प्रवासाइतका लांब. मी तर तो तोवर पाहिलाही नव्हता. आणि आम्ही काम करत होतो पाणबुडीवर.

म्हणजे पाणबुडी काही तिथे नव्हती. होते वीतभर लांबीरुंदीचे रबराचे चौकोनी तुकडे. खोल समुद्रात पाणबुडी डोळ्यांनी दिसत नाही, ती आवाजाने शोधतात. पाण्यात आवाज सोडायचा, तो लोखंडाला आपटून परत आला की कळतं, तिथे काहीतरी आहे. म्हणून पाणबुडीला बाहेरून रबराच्या लाद्या चिकटवतात. आवाज लादीत जिरतो, परत फार थोडा जातो. पण रबर वर्षानुवर्षं पाण्यात राहिलं की आत पाणी मुरतं, ते बदलतं. किती दिवसांनी किती बदलतं, हा आमच्या प्रयोगशाळेतल्या ताईच्या पीएचडीचा प्रश्न होता.

ताई महूची. तिचे वडील फौजेत क्लार्क होते, निवृत्त झाले. ती रोज महूहून बसने यायची आणि आल्या आल्या हौदाच्या काठावर वाकून पाहायची. हौदाच्या एका टोकाला नायलॉनच्या दोऱ्यांनी तिचे तुकडे पाण्यात टांगलेले असायचे. दर सोमवारी एकेक तुकडा पाण्यातच सरकवून मधोमध आणायचा, त्यावर आवाज सोडायचा, किती परत आला ते नोंदवायचं, पुन्हा जागेवर. एक दिवसही तुकडा पाण्याबाहेर काढायचा नाही. असं वर्षभर.

"तुझी लोणच्याची बरणी काय म्हणते?" मी विचारायची.

"मुरतंय," ती म्हणायची. "तू झाकण उघडू नको बस."

हौद सांभाळायचे काका. हुद्दा लॅब अटेंडंट. संस्थानाच्या काळात त्यांचे पणजोबा सरकारी पागेत होते, आणि हे काका नव्या माणसाला पहिल्या पाच मिनिटांत सांगायचे. "ते घोडे राखायचे, मी पाणी राखतो. लाथ दोघं मारतात." काकांनी मला शिकवलं की नळाचं ताजं पाणी या कामाला निरुपयोगी असतं. त्यात डोळ्यांना न दिसणारे हवेचे बुडबुडे असतात आणि बुडबुडा आवाज खाऊन टाकतो. म्हणून पाणी भरलं की ते आठवडेच्या आठवडे नुसतं पडू द्यायचं. पंखा बंद. जोरात दार आपटायचं नाही. उन्हाने पातळी उतरली तर दोन बादल्या शिळं पाणी, तेही पाइपाचं तोंड तळाला टेकवून, हळू. यंत्राचा पाण्यात सोडायचा भाग आधी साबणाच्या पाण्याने पुसायचा, म्हणजे त्याला बुडबुडे चिकटत नाहीत. शेवाळ धरू नये म्हणून पाण्यात औषध. दारामागे खिळ्याला एक वही टांगलेली असायची. रोजचं तापमान, पातळी, आणि शेवटच्या रकान्यात एकच गोष्ट: पाणी बदललं की नाही.

त्या वर्षी काकांच्या मुलीचं लग्न होतं. ते महिनाभर रजेवर होते, तेव्हा ती वही मी लिहिली. रोज शेवटच्या रकान्यात माझ्या हाताने 'नाही'. खाली माझी सही.

आता पत्रकाचं.

आमच्या कॉलेजात विद्यार्थ्यांची एक छोटी संघटना होती. मी शिकत असताना तिच्यात आले आणि तिची पत्रकं लिहू लागले. प्रयोगशाळेला पैसा कुठून येतो हे मला काम लागल्यावर काही महिन्यांनी कळलं. संरक्षण खात्याकडून. काही निकाल परवानगीशिवाय छापता येणार नाहीत, हेही कळलं. मी आमच्या मॅडमना विचारलं. त्या रत्नागिरीकडच्या, नोकरीसाठी इंदूरला आलेल्या, बोलायला सरळ.

"युद्धासाठी काम करतोय आपण," मी म्हणाले.

"करतोय," त्या म्हणाल्या. "त्याच यंत्राने माशांच्या थव्यांचा आवाजही मोजता येतो. त्याला पैसा कोणी देत नाही. मी तीन वेळा मागितलाय."

"मग नको करू या."

"तुला नको वाटत असेल तर सोड. मी तुझ्यावर रागावणार नाही. खरंच."

मी सोडलं नाही. हे आधी लिहून ठेवते. नोकरीही ठेवली आणि नाव न टाकता पत्रकही लिहिलं.

पत्रक हिंदीत होतं, इंदुरात दुसऱ्या कशात लिहिणार. पहिल्या पाच ओळी मी आजही कोणासमोरही वाचून दाखवीन. शिक्षणसंस्थेत शस्त्रांचं काम कोणाला विचारून चालतं? लोकांच्या पैशातून झालेलं संशोधन लोकांपासून का लपवायचं? विद्यार्थ्याला नाही म्हणायचा हक्क आहे का? अशा त्या ओळी. मजकूर घेऊन मी आणि संघटनेचा एक मित्र पलासियाच्या एका झेरॉक्सवाल्याकडे गेलो. मे महिना. दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलेलं, तरी आत भट्टी.

मित्राने मजकूर वाचला. "सही है," तो म्हणाला. इंदुरात मुलीलाही 'भिया' म्हणजे भैयाच म्हणतात. "पण भिया, हे वाचेल कोण? संशोधन, पारदर्शिता. बाहेर बघ. पब्लिक कशाच्या लाइनीत उभी आहे?"

बाहेर रस्त्यापलीकडे गल्लीच्या तोंडाशी पाण्याचा टँकर उभा होता. बायका डबे घेऊन भांडत होत्या.

"तुझ्या लॅबमध्ये टंकी आहे न मोठी?"

"आहे."

"तर लिही न."

मी काउंटरवर कागद ठेवला आणि सहावी ओळ लिहिली. मराठीत ती अशी: वस्तीत आपण टँकरच्या रांगेत उभे राहतो आणि इथे पाणबुडीच्या खेळासाठी दर आठवड्याला हौदभर पाणी गटारात सोडलं जातं.

मला कोणी धमकावलं नव्हतं. मी विसरले नव्हते. लिहिताना त्या वहीतला शेवटचा रकाना माझ्या डोळ्यांसमोर होता, सगळे 'नाही' एकाखाली एक. तरी लिहिली. खरं सांगायचं तर मला ती ओळ आवडली. बाकीच्या पाच ओळी समजावून सांगाव्या लागत होत्या, ही एका फटक्यात लागत होती.

छापायच्या आधी मी घरी येऊन पत्रक बाबांना दाखवलं, नेहमीसारखं. त्यांनी चष्मा लावला, बोट ठेवून ठेवून वाचलं. सहाव्या ओळीवर बोट थांबलं.

"हे पाण्याचं. तू स्वतः पाहिलंस?"

"हो," मी म्हणाले.

"मग ही वर घे. पहिली कर."

मी पहिली केली नाही. तेवढीच लाज शिल्लक होती म्हणा.

पत्रक एका दिवसात सगळीकडे गेलं. लोकांनी पूर्ण पत्रक पाठवलंच नाही, सहाव्या ओळीचा फोटो काढून पाठवला. एका स्थानिक वर्तमानपत्रात चौकट आली. तिसऱ्या दिवशी दुपारी जवळच्या वस्तीतून शे-दीडशे माणसं कॉलेजच्या गेटशी जमली, बऱ्याचशा बायका, आणि त्यांच्यात आमची संघटना घोषणा देत होती. मीही.

कॉलेजच्या व्यवस्थापनाने चौकशी केली नाही, वही मागितली नाही. घाबरले. त्यांनी हुकूम काढला की हौद लगेच रिकामा करा, म्हणजे उद्या कोणी आत येऊन पाहिलं तर पाणीच नको. मॅडम त्या दिवशी बाहेरगावी होत्या. ताई सांवेर रोडला गेली होती. तिथल्या एका छोट्या कारखान्यात तिचे रबराचे तुकडे साच्यात काढून मिळत, ते आणायला.

आम्ही काही जण त्या मागच्या इमारतीपर्यंत गेलो. दार उघडं होतं. पंप लावला होता आणि जाड पाइपातून पाणी बाहेरच्या नालीत पडत होतं. गेटवरून दोन बायका डबे घेऊन धावत आल्या. काकांनी आडवा हात केला.

"नका घेऊ बाई, औषध आहे यात. पिऊ नका, पोरांना देऊ नका."

"तो फिर बहा क्यों रहे हो?" त्यातली एक म्हणाली.

 काका माझ्याकडे वळले. त्यांना वाटलं, मी कामावर म्हणून आले आहे.

"बेटा, दोन बादल्या आण लवकर. हौदाचंच पाणी घेऊ, तुकडे तरी बादलीत ठेवू. आठ महिने झालेत पोरीचे."

आत पाणी उतरत होतं. टोकाचे तुकडे एकेक करून वर दिसू लागले होते, काळे, ओले, दोऱ्यांना लटकलेले. बादल्या कुठे आहेत मला माहीत होतं. दारामागे, वहीच्या खाली. माझ्या मागे संघटनेची पोरं उभी होती, त्यांच्यातला एक फोनवर शूटिंग करत होता. मी इथे काम करते हे त्या एका मित्राशिवाय त्यांच्यात कोणाला माहीत नव्हतं; बादल्या आणायला गेले असते तर सगळ्यांना कळलं असतं की मी त्या खोलीतली आहे. मी जागची हलले नाही. तेवढ्यात चौकीदार आला, काकांना बाहेर घेतलं आणि चौकशी होईपर्यंत म्हणून कुलूप लावलं.

मी लिहिलेली ओळ त्या दिवशी एकदा खरी झाली. हौदभर पाणी खरंच गटारात गेलं.

कुलूप तिसऱ्या दिवशी निघालं. मे महिन्यातल्या बंद खोलीत रबर पार सुकलं होतं. ताईने एक तुकडा हातात घेतला, नखाने दाबून पाहिला, परत ठेवला. "मुरायच्या आधीच बरणी फुटली," ती म्हणाली. मला वाटलं रडेल. तिने पिशवीतून नवे तुकडे काढून टेबलावर मांडले, जसं काही झालंच नाही, मग पुन्हा सगळे पिशवीत भरले.

काका कोरड्या हौदात उतरून तळ पुसत होते. ताई गेल्यावर खालूनच म्हणाले, "त्या हिंदी पर्च्यात 'हौद' लिहिलंय."

मी काठावरून बादली खाली दिली.

"हिंदीवाला टंकी लिहितो, नाहीतर टँक. मॅडम, ताई टँकच म्हणतात. या बिल्डिंगमध्ये हौद म्हणणारे दोघंच. एक मी." आणि त्यांनी फडकं पिळलं. पुढे काही बोलले नाहीत, त्या दिवशीही नाही आणि नंतरही. कोणाला सांगितलंही नाही. त्यांनी सांगितलं असतं तर मी पत्रकवाल्यांच्या तोऱ्यात उत्तर दिलं असतं. त्या न सांगण्याला माझ्यापाशी उत्तर नव्हतं.

मला तोवर वाटत होतं की यापेक्षा वाईट आता काय होणार. झालं ते मला सुचलंच नव्हतं. ताईने विद्यापीठाकडे मुदतवाढ मागितली. आठ महिन्यांची मोजणी हातात आहे, उरलेली नव्याने करते, असं तिचं म्हणणं. कमिटीतून आल्यावर ती कॅन्टीनमध्ये माझ्यासमोर बसली. पत्रक माझं आहे हे तिला माहीत नव्हतं.

"सर म्हणाले, पाणी दर हफ्त्याला बदलत होता तर तुकडे आठ महिने मुरले कसे? मी म्हटलं बदलत नव्हतो. तर म्हणाले, छपा तो है." तिने कचोरीचा तुकडा मोडला, खाल्ला नाही. "मतलब आता ते आठ महिने पण खोटे. मी घरी बसून आकडे लिहिले."

"वही दाखव न."

"दाखवली. काकांची वही. अटेंडंटची वही कोण मानतं? म्हणाले, नंतर कोणीही लिहील." मग म्हणाली, "त्यात एक महिना तुझा आहे. तुझी सही आहे. तू असिस्टंट आहेस, कागदावर आहेस. तू येऊन सांगशील?"

तिने ते इतकं सहज विचारलं, जणू बसची वेळ विचारतेय. मी हो म्हणायला तोंड उघडलं आणि म्हणाले, "ती ओळ मी लिहिली."

"कुठली?"

"पत्रकातली. पाण्याची."

तिला समजायला वेळ लागला. मग तिने प्लेट बाजूला सारली.

"तुला पाणबुडी नको होती न?"

"नको."

"मग पाणबुडीबद्दल लिहायचं होतंस. तिथे तर मी पण तुझ्याशी भांडले असते, दोन तास. माझं पाणी कशाला?"

मी कमिटीसमोर लिहून दिलं. पत्रक माझं आहे, सहावी ओळ खोटी आहे, ती खोटी आहे हे मला तेव्हाच माहीत होतं, वहीतली सही माझी आहे. वाचून दाखवताना माझा आवाज इतका बारीक झाला की एका सरांनी "जोर से" म्हटलं आणि मला ते दुसऱ्यांदा वाचावं लागलं. कमिटीने आठ महिन्यांची मोजणी ग्राह्य धरली आणि मुदत वाढवली. पण सुकलेलं रबर काही परत मुरणार नव्हतं. पुढचे चार महिने मोजायचे तर नव्या तुकड्यांनी सगळं वर्ष पुन्हा. शिष्यवृत्ती तोवर संपते, म्हणून ताई आता सकाळी एका कोचिंगमध्ये शिकवते आणि दुपारी हौदावर येते. माझं काम गेलं. ते योग्य झालं.

संघटनेतल्या मित्राने फोन केला. "दुश्मनाच्या हातात दिलंस तू सगळं. आता बाकीच्या पाच लाइनी पण गेल्या."

त्याचं खरं होतं. वर्तमानपत्रात छोटी बातमी आली, पत्रक खोटं होतं अशी. अख्खं पत्रक. ते पाच प्रश्न त्यानंतर कॉलेजात कोणी विचारले नाहीत, आणि मी विचारले तर लोक हसतात. चौथा कुठे आहे, असंच जवळजवळ.

बाबांना मी शेवटी सांगितलं, कमिटीच्याही नंतर. माझ्या यादीत ते शेवटी आले, यावरून काय ते समजा. ते कपाटापाशी गेले आणि एक पत्र्याची पेटी काढली. तिच्यात ते प्रत्येक पत्रकाची एक प्रत ठेवतात, गिरणीच्या वेळेपासून. माझं सगळ्यात वर होतं. चार जखमींचंही होतं, पार खाली, पिवळं पडलेलं. त्यात 'चार' वर शाईची रेघ होती आणि बाजूला बाबांच्या अक्षरात 'तीन'. मी ते पहिल्यांदाच पाहत होते.

त्यांनी माझं पत्रक आणि पेन माझ्यापुढे ठेवलं. मी सहावी ओळ खोडली. बाबांनी ती प्रत परत पेटीत ठेवली. जेवताना फक्त म्हणाले, "मी तुला विचारलं होतं."

मागच्या महिन्यात ताईने एका परिसंवादात आपलं काम मांडलं. शेवटी एक जण उठला आणि त्याने फोन पुढे केला. त्यात सहाव्या ओळीचा तोच फोटो. ती पुन्हा पहिल्यापासून समजावत बसली. मला तिनेच हे सांगितलं, आणि म्हणाली, "तू पत्रकवाली आहेस न. काहीतरी लिही."

म्हणून हे लिहिलं. तो फोटो तुमच्याकडे आला असेल, तर आता, हे वाचून झाल्यावर, फोन उघडा. ज्यांना तुम्ही तो पाठवला होता त्यांना कळवा की ती ओळ खोटी आहे आणि जिने लिहिली तीच हे सांगते आहे. छापलेलं पत्रक घरात असेल तर पेनाने सहावी ओळ खोडा. पत्रक फाडू नका. वरच्या पाच ओळी राहू द्या, आणि जमलं तर त्या एकदा वाचा.